पर्समध्ये राहिलेलं पत्र

उद्या सकाळी नऊ वाजता माझ्या लेकीच्या, राजनंदिनीच्या, डाव्या गालात सुई जाणार आहे, आणि सुई घालणाऱ्या डॉक्टरांना तिचा आजार माहीत नाही. संध्याकाळपासून हे एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय. भाकरी थापताना फिरत होतं, आमचे हे एसटीच्या डेपोत रात्रपाळीला निघाले तेव्हा दार लावताना फिरत होतं. आता दीड वाजलाय, तरी ते जागचं हलत नाही. डॉक्टरांना माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. आणि राजीला वाटतंय, मी सांगितलं.

ती आज हिंगोलीला अक्कांकडे झोपली आहे. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी इथे वसमतला, स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली, शिकवणीच्या मुलांची उरलेली वही घेऊन बसले आहे. लिहिलं तर मनात काहीतरी मार्गी लागेल असं वाटतंय. म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

राजी चोवीस वर्षांची आहे. बी.एस्सी. करून इथल्याच एका हळदीच्या कंपनीत नमुने तपासायला लागली. गोण्या उतरल्या की प्रत्येक ढिगातून मूठभर हळकुंडं घ्यायची, दगडावर ठेवून फोडायची आणि आतला रंग बघायचा. हळद पॉलिश केली की वरून सगळीच सारखी चमकते. आत कुठे फिकट, कुठे काळपट, कुठे नीट न शिजलेली, ते फोडल्याशिवाय कळत नाही. एकदा एक म्हातारे शेतकरी तिच्यावर चिडले होते. "बाई, सोन्यासारका माल हाय, काहून फोडून राहिली?" तर ही म्हणाली, "काका, सोनंबी घासूनच घेत्यात." म्हातारबाबा हसले आणि पुढच्या खेपेला तिच्यासाठी बोरं घेऊन आले.

हळदीच्या धुळीनं तिची नखं बारा महिने पिवळी असतात. आणि भर उन्हाळ्यात अंगात पूर्ण बाह्या, तोंडाला स्टोल, हातात छत्री. गल्लीतल्या बायका म्हणतात, "गोरं राहायचा नाद लई हाय तुमच्या हिरॉइनला." मी हसून सोडून देते. तिला ऊन चालत नाही, हे मी सात वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

सात वर्षांपूर्वी ती बारावीला होती. डाव्या गालात सुपारीएवढी गाठ आली, टणक आणि दुखरी. आम्हाला वाटलं दात असेल. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली. चांगली दाढ गेली, गाठ तिथेच. मग कुणी सांगितलं म्हणून लेप लावले, कुणी सांगितलं म्हणून दृष्ट काढली. तोवर दुसरी गाठ आली. शेवटी नांदेडला एका डॉक्टरबाईंनी गालातला छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला, रक्त तपासलं, आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. ल्युपस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा शरीरालाच परकं समजून त्याच्यावर उठते. कुणाच्या सांध्यांवर, कुणाच्या मूत्रपिंडावर. राजीच्या बाबतीत ती कातडीखालच्या चरबीवर उठली होती. औषधानं गाठी विरल्या, पण जाताना आतली चरबी घेऊन गेल्या. डाव्या गालात खड्डा पडला. अंगठा टेकवला तर बसेल एवढा.

तेव्हापासून आम्ही डॉक्टरबाईंना नुसतं मॅडम म्हणतो. दर तीन महिन्यांनी नांदेडला जातो. राजी रोज गोळी घेते. ती गोळी मलेरियालाही देतात, म्हणून पाव्हण्यांनी विचारलं तर मी "मलेरियाची" म्हणते. गोळीमुळे वर्षातून एकदा डोळे तपासावे लागतात, तेव्हा "चष्म्याचा नंबर" म्हणते. आणि गालाचं कुणी विचारलं तर, "लहानपणी गळू झालं होतं, चिरा द्यावा लागला." हे मी इतक्या वेळा सांगितलंय की ते गळू मला आता डोळ्यांसमोर दिसतं. अक्कांनाही मी गळूच सांगितलं होतं, फक्त बारावीतलं.

राजी खड्ड्याची चेष्टा करते. "आई, माझा गाल म्हणजे उन्हाळ्यातलं सिद्धेश्वर धरण. तळ दिसून राहिला." पण फोटो काढताना ती डावी बाजू कुणाच्या तरी खांद्यामागे नेते. कॉलेजच्या गॅदरिंगच्या फोटोत ती नेहमी दुसऱ्या रांगेत. हे मी बघितलंय. मी बघितलंय हे तिलाही माहीत आहे.

गाल भरून घेता येतो, हे तिनं स्वतःच शोधून काढलं. दोन वर्षांपूर्वी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आत्ता नाही. आधी आजार शांत होऊ दे. वर्षभर तरी नवीन गाठ नको, रक्ताचे रिपोर्ट चांगले यायला पाहिजेत. मग बोलू."

राजीनं वर्षभर एक गोळी चुकवली नाही. जानेवारीत रिपोर्ट चांगले आले. मॅडमनी आम्हाला अर्धा तास दिला. मी शब्द न् शब्द ऐकला होता, हेच आता जाळतंय.

"हे बघ," त्या राजीला म्हणाल्या, "तुझ्यासारख्यांवर फार मोठे अभ्यास झालेले नाहीत. त्यामुळे काहीच होणार नाही अशी हमी मी देणार नाही. पण घ्यायचंच असेल तर हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर घे. ते काही महिन्यांनी विरतं, आणि बिघडलं तर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. जे परत काढता येत नाही, ते तू घालायचं नाही. कायमचं, वर्षानुवर्षं टिकणारं असं कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही."

"आणि आजार परत उठला तर?" राजीनं विचारलं.

"सुईनंही उठू शकतो. म्हणून कुठेही नवीन गाठ, लाली, ताप असेल तर थांबायचं, आधी मला दाखवायचं. आणि डॉक्टर असा निवड, ज्याच्याकडे दुसऱ्या दिवशी परत जाता येईल." मग त्यांनी पत्र लिहिलं. आजाराचं नाव, चालू औषधं, काय चालेल, काय चालणार नाही, खाली स्वतःचा मोबाइल नंबर. "हे त्यांच्या हातात द्या. ते वाचतील आणि मला फोन करतील. फोन केला नाही, तर तिथून उठून या."

ते पत्र माझ्या पर्समध्ये आहे. आत्ता. चेन उघडली की दिसतं.

मार्चमध्ये अक्कांनी स्थळ आणलं. हिंगोलीजवळच्या गोरेगावचं घर, मुलगा विश्वंभर हिंगोलीत वीज मंडळात. माणसं चांगली. हे मला लिहावंच लागेल, कारण ती वाईट असती तर मला स्वतःला माफ करणं सोपं गेलं असतं. मुलाची आई पार्वतीबाई, तोंडाच्या फटकळ पण मनात काही न ठेवणाऱ्या. पोहे खाऊन झाल्यावर त्या सरळ म्हणाल्या, "इहीनबाई, पोरगी आमाला पसंत हाय. एकच सांगते, राग मानू नका. हळदीला पाच जणी गाल चोळत्यात. बोटाला खड्डा लागला की बाया वर्षभर त्येच बोलत बसतील. गळवाचा वण हाय ना, भरून येतो म्हणं आजकाल. माझ्या भावाची पोरगी पुजा हिंगोलीत तसल्याच दवाखान्यात कामाला हाय. ती करून देईल बराबर."

अक्का लगेच म्हणाल्या, "त्यात काय, करू की!"

पाव्हणे गेल्यावर हे म्हणाले, "रीता, आजाराचं सांगून टाकू. डेपोत ड्रायव्हरनं वहीत बिघाड लिहिला तर आमी गाडी बघतो. लिहिलाच न्हाई तर आमाला काय स्वप्न पडनार हाय?"

"मुलगी म्हणजे एसटी नाही," मी म्हणाले. "लग्न होऊ दे. मग सांगू."

"मग म्हंजे कधी? गाडी घाटात गेल्यावर?"

मी भांडी आपटायला लागले. मी भांडी आपटते तेव्हा ते गप्प बसतात. या वेळी बसायला नको होतं.

राजी त्या रात्री माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मला गाल भरायचाच होता. त्यांनी म्हणायच्या आधीपासून. हळदीसाठी नाही. मला एकदा समोरून फोटो काढायचाय." मग म्हणाली, "फक्त दवाखान्यात सगळं खरं सांगायचं. तिथं गळू-बिळू चालणार नाही." मी म्हटलं, "बरं."

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही त्या दवाखान्यात गेलो. मी, राजी आणि अक्का. छोटी, चकचकीत जागा, गार हवा. डॉक्टर बाहेरगावचे, पंधरा दिवसांतून एकदा येतात. त्या दिवशी ते नव्हते. फॉर्म भरून घ्यायचा, फोटो काढायचे, ते त्यांना पाठवायचे, पुढच्या खेपेला ते येऊन करतील, असं ठरलं. पुजा काउंटरवर होती. गोड मुलगी. अक्कांच्या पाया पडली.

राजीला फोटो काढायला आत नेलं. जाताना तिनं आपल्या वहीतला एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर तिचे प्रश्न होते. फिलर कोणतं? विरघळवता येतं का? विरघळवायचं औषध इथे ठेवलेलं असतं का? डॉक्टर नसताना गाल सुजला तर कोण बघणार? भरल्यावर किती दिवस गाल चोळायचा नाही? "हा आणि मॅडमचं पत्र, दोन्ही फॉर्मला जोड," ती म्हणाली.

मी फॉर्म भरायला लागले. नाव, वय, पत्ता. मग ओळ आली: संधिवात, थायरॉइड, ल्युपस किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा इतर कोणताही आजार आहे का? होय, नाही.

शब्द तिथे छापलेला होता. मला कुठे काही शोधायचंही नव्हतं.

"काय लिहून राहिली गं एवढं?" अक्का माझ्या खांद्यावरून वाकल्या. समोर पुजा हात पुढे करून हसत उभी. फॉर्म तिच्या हातात जाणार, संध्याकाळी तिच्या आत्याचा, पार्वतीबाईंचा, फोन येणार, आणि रात्रीपर्यंत गोरेगावात जेवणावर बोलणं होणार की पोरीला काय काय आहे.

मी "नाही"वर खूण केली.

कुणी हात धरला नव्हता, कुणी धमकावलं नव्हतं. सात वर्षं जे तोंडानं केलं तेच पेनानं केलं, तितक्याच सहज. मग प्रश्नांचा कागद पत्रात घडी घातला आणि पर्सची चेन ओढली.

परत येताना गाडीत राजीनं विचारलं, "दिलंस ना पत्र?"

"दिलं."

ती खिडकीला डोकं टेकवून झोपली. औंढ्यापर्यंत मी तिच्या डाव्या गालाकडे बघत होते. झोपेत तो आणखी खोल दिसतो.

मला वाटलं होतं, मधल्या दिवसांत मी काहीतरी करीन. एकटीनं दवाखान्यात फोन करीन, थेट डॉक्टरांचा नंबर मागीन. दोनदा लावला. दोन्ही वेळा पुजाच बोलली आणि दोन्ही वेळा मी नुसती वेळ विचारून फोन ठेवला.

मागच्या रविवारी राजीच्या केसांना तेल लावत होते. घरात बाह्या नसलेला गाऊन घातला होता तिनं. उजव्या दंडावर, मागच्या बाजूला, कातडी जरा लालसर दिसली. बोट लावलं. आत टणक लागलं. राजीनं दंड आखडून घेतला.

"डास चावला," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं," मी म्हणाले.

दोघीही खोटं बोललो. ती माझ्याकडूनच शिकली. तिलाही ही तारीख चुकवायची नाही. लग्न ठरलंय, हळद पुढच्या महिन्यात नऊ तारखेला आहे. आता भरलं तर हळदीपर्यंत तीन आठवडे मिळतात, गालाची सूज उतरते. डॉक्टरांची पुढची खेप धरली तर हळद तोंडाशी येते. म्हणून गाठीला डास म्हणायचं. गोळीला मलेरिया म्हणायचं, तसंच.

आणि आज संध्याकाळी तिचा मेसेज आला. "आई, पुजाताईचा फोन आला होता. सरांना लवकर निघायचंय, म्हणून अकराच्या ऐवजी नऊला बोलावलंय. सर म्हणाले, तब्येतीची काही तक्रार नाही तर टिकाऊच घालू, एकदा घातलं की वर्षानुवर्षं बघायला नको. मॅडम तर उलट म्हणाल्या होत्या. पण पत्र वाचूनच ठरवलं असेल ना त्यांनी?"

मी मेसेज दोनदा वाचला. मग लिहिलं, "हो गं. झोप आता."

हो गं. हे दोन शब्द मी लिहिले. बी.ए.ला मराठीत पहिली आलेली बाई मी.

तेव्हापासून मी वेगवेगळे रस्ते काढते आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले तर नऊच्या आत पोचेन. डॉक्टरांना बाजूला घेऊन कानात सांगेन, पत्र हळूच देईन. पण तिथे अक्का असतील. पुजा असेल. पार्वतीबाईही येणार असं अक्का म्हणत होत्या. आणि मी स्वतःला ओळखते. मी खुर्चीवर पर्स मांडीत घट्ट धरून बसेन. म्हणेन, आता आत गेल्यावर सांगू. मग म्हणेन, गाल बधिर करायचं मलम लावून झालं, आता कशाला. मग दार बंद होईल.

वाटतं, राजी स्वतःच बोलेल. पण कशी बोलेल? तिला वाटतंय डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे. आणि अक्कांपुढे आजाराचं नाव काढायचं नाही, हे मीच तिला सतराव्या वर्षी हात धरून शिकवलंय. उद्या अक्का तिच्या उशाशी असतील. ती शहाण्या मुलीसारखी गप्प पडून राहील.

आणि ते परत काढता येणार नाही. दंडावर गाठ उठली आहे म्हणजे आजार जागा आहे. अशात गालात कायमचं काहीतरी जाईल, त्याच्याभोवती गाठी उठतील, आणि या वेळी विरघळवायला काही नसेल. डॉक्टर पंधरा दिवसांनी येतील. तोवर ती आरशात बघेल. मला विचारेल, आई, पत्र वाचून असं कसं केलं त्यांनी?

ह्या प्रश्नाला माझ्याकडे गळू नाही.

मघाशी दवाखान्याचा नंबर काढला होता. तो सकाळी उघडेल. पुजाचा मोबाइल नंबर आहे, पण तिला आधी सांगितलं तर राजीला ते दुसऱ्याच्या तोंडून कळेल. पार्वतीबाई चारला उठतात, त्यांना सांगू? पण मग मी परत तेच करेन. राजीच्या आजाराचं काय करायचं ते राजीला न विचारता ठरवेन. आधी लपवायचं मी ठरवलं, आता सांगायचंही मीच ठरवायचं. ती शेजारच्या खोलीतल्या कपाटासारखी, तिच्यावर काय ठेवायचं ते मी बघणार.

यांना डेपोत फोन केला असता, तर ते म्हणाले असते, "पोरीला सांग. उगं मला काय सांगते?" ते असंच म्हणाले असते.

लग्न मोडेल का, मला माहीत नाही. पार्वतीबाई ओरडतील की गप्प बसतील, माहीत नाही. अक्का माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीत, हे मात्र बहुतेक नक्की. राजी काय म्हणेल त्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. ती ओरडत नाही. ती "बरं" म्हणते आणि हळकुंड फोडल्यावर बघते तशी बघते.

पत्र समोर काढून ठेवलंय, प्रश्नांच्या कागदासकट. आधी या दोन्हींचे फोटो तिला पाठवते, म्हणजे माझी वाचा बसली तरी तिला वाचता येईल. मग दंडावरच्या गाठीचं सांगायचं, आणि सकाळी तिथे न जाता मॅडमना फोन कर म्हणायचं. पण पहिलं वाक्य एकच: राजी, पत्र मी दिलं नाही, ते माझ्याकडे आहे.

सव्वादोन झालेत. फोन ती उशीखाली ठेवून झोपते. अक्का तिच्याच खोलीत आहेत, रिंग वाजली की त्या आधी जाग्या होतील, विचारतील, "एवढ्या रात्री काहून फोन?" विचारू दे.

वही मिटून फोन लावते.